खिळ्याला टांगलेल्या प्लेटा

सरका जरा, मला भिंतीला टेकू द्या. आणि तो मोबाइल खाली ठेव रे. तोंडावर निळा उजेड पडला की तूच भुतासारखा दिसतोस. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐकायची, आणि मधेमधे ‘खरंच का?’ असं विचारायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो माणूस अजून धडधाकट आहे, रोज सकाळी आपल्या गॅरेजचं शटर वर करतो. त्याला जाऊन ह्यातलं काही विचारलंत तर हातातला पाना फेकून मारेल, म्हणून माझ्याकडूनच ऐका.

त्याला सगळे ठिणगी म्हणतात. मोटरसायकलचा मेकॅनिक. राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कोणी चेन कोरडी ठेवली, कोणी ऑइल बदलायचं विसरला, की हा त्या माणसावर असा घसरायचा की जणू त्यानं गाडी नाही, पोटचं पोर उपाशी ठेवलंय. लोक शिव्या खायचे आणि पुन्हा त्याच्याचकडे यायचे, कारण काम चोख. त्याच्या गॅरेजचा एक नियम होता. गाडीतून जे काढलं ते गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचं. क्लचच्या प्लेटा असोत, बेअरिंग असो, बारीक वायरमध्ये ओवायचं, पीळ मारायचा आणि शटरच्या आत एक मोठा खिळा होता त्याला टांगून ठेवायचं. माणूस गाडी न्यायला आला की आधी ती माळ त्याच्या हातात, मग किल्ली. ‘बघा, हे गेलं होतं.’ तो बघो न बघो, ठिणगी दिल्याशिवाय सोडत नसे.

त्याचा धाकटा भाऊ त्याच गॅरेजात. धाकटा म्हणजे चाळिशी ओलांडलेला बाप्या, पण घरात धाकटा तो धाकटाच राहतो. हा अगदी उलटा. तोंडात साखर, हात चलाख. डावखुरा होता, पण उजव्या हाताच्या माणसांना लाजवेल असा वेग. ठिणगीला जे काम संध्याकाळपर्यंत पुरायचं ते हा जेवणाच्या आधी उरकायचा. लोकांना त्याचं कोण कौतुक. मला विचाराल तर असल्या कौतुकानंच माणसं बिघडतात. काम उरकणं आणि काम करणं ह्यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात पाना देऊ नये. असो. माझं डोकं तापायच्या आत पुढं जातो.

नोव्हेंबरची बारा तारीख होती, बुधवार. दिवेलागणीला चष्मेवाल्याची मुलगी मोटरसायकल ढकलत गॅरेजात आली. चष्मेवाला म्हणजे गावोगाव फिरून चष्मे विकणारा म्हातारा. गाडीच्या मागच्या सीटवर लाकडी पेटी, पेटीत फ्रेमा. ओट्यावर बसून एकेकाचे डोळे तपासायचा, आठवड्यानं चष्मा करून पोहोचवायचा. शांत माणूस. कधी आवाज चढवला नाही. कोणाची फ्रेम चुकून दुसऱ्याला गेली तर ऊन असो पाऊस असो, परत फिरून बदलून द्यायचा. वर्षापूर्वी खाणीच्या चढावर त्याचा जीव गेला. खडीनं भरलेला ट्रक मागून आला, म्हाताऱ्याची गाडी ऐन चढावर पुढं सरकेना, आणि ट्रकवाल्याला ट्रक आवरेना. एवढीच हकीकत. गाडीला फारसं काही झालं नाही. ती वर्षभर घरी ओसरीत उभी होती. आता मुलगी बापाची फेरी चालवायला निघाली होती.

“काका, इंजिन नुसतं ओरडतं,” ती म्हणाली. “सपाटीवर पळते. चढ लागला की आवाज वाढतो आणि गाडी जागच्या जागी. सकाळी सहाला मला खाणीपलीकडच्या गावात चष्मे पोहोचवायचेत. होईल का?”

“क्लच स्लिप मारतोय,” ठिणगी गाडीकडे न बघताच म्हणाला. “लिव्हरवर बोट ठेवून चालवतेस. अर्धा क्लच दाबलेला, प्लेटा घासतात, जळतात. बापाचीच सवय.”

तिचा चेहरा ताठला. “बाबा लिव्हरवर कधीच बोट ठेवत नव्हते.”

“मग चढावर काय झालं त्यांना?”

हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. बाप गेला त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, गाडी नुकतीच ठिणगीच्या गॅरेजातून आली होती ना? झालं, ठिणगी पेटला. भर टपरीवर गरजला, “गाडी आमच्या हातची आहे, नव्या प्लेटा टाकलेल्या. तिच्यात खोट नाही. म्हाताऱ्याला झेपत नव्हती, अर्ध्या क्लचवर चढवली, जाळला क्लच. माणसाचं चुकलं.” पोरगी तिथंच उभी होती, बापाच्या दहाव्याचं सामान घेऊन. तिनं ते सगळं ऐकलं होतं. गावानं तेच खरं धरलं.

आता ती एवढंच म्हणाली, “सहाला येते. काढलेले पार्ट दाखवा मला.” आणि पायी निघून गेली.

तेवढ्यात आतून धाकटा हात पुसत आला. गाडी बघितली आणि त्याच्या तोंडाची साखर विरघळली. “दादा, ही उघडू नकोस. केबल ओढ, ऑइल बदल, देऊन टाक. प्लेटा नव्याच आहेत आत. मीच टाकल्यात गेल्या वर्षी, तू थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला गेला होतास तेव्हा.”

“नव्या आहेत तर स्लिप का मारतेय?”

“वर्षभर उभी होती. धरलं असेल काहीतरी.”

“उभ्या गाडीच्या प्लेटा चिकटतात, सुटत नाहीत. घरी जा तू.”

धाकटा गेला. जाताना दोनदा मागं वळून बघितलं त्यानं.

ठिणगीनं शटर अर्ध्यावर ओढलं आणि कामाला लागला. क्लच घसरतोय म्हणून लगेच पोट फाडायचं नसतं, आधी बाहेरून बघायचं. लिव्हरला ढील होती, असायला हवी तेवढी. म्हणजे केबल क्लचला ओढून धरत नव्हती. ऑइल बघितलं. काळं, आणि जळका वास. बोटांवर चोळलं तर बारीक भुगा लागला. मग गाडी चालू केली, पुढचा ब्रेक गच्च आवळला, टॉप गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला. धड गाडी असती तर हिसका देऊन बंद पडली असती. ही बंद पडेना. जागेवर उभी राहून गुरगुरत राहिली. आत प्लेटा एकमेकींना धरतच नव्हत्या.

त्यानं ऑइल सोडलं, किक काढली, झाकणाचे बोल्ट सोडले. झाकण बाजूला ठेवलं आणि टॉर्च आत मारला. आत स्प्रिंगा असतात, त्याच प्लेटांना दाबून धरतात. प्रत्येक स्प्रिंगच्या डोक्यावर एकेक जाड वॉशर घातलेला होता.

ठिणगी तसाच उकिडवा बसून राहिला.

तुम्हाला कळलं का वॉशरचं? प्लेटा झिजल्या की स्प्रिंगांचा दाब कमी पडतो. मग कामचोर माणूस काय करतो, प्लेटा बदलायच्या सोडून स्प्रिंगांना वॉशर लावतो. स्प्रिंग जास्त दबते, झिजक्या प्लेटा थोडे दिवस पकड धरतात. गाडी गॅरेजातून झकास निघते. मग एक दिवस ऐन चढावर पकड सुटते, आणि तोवर वेळ मारून नेणारा नामानिराळा झालेला असतो. ठिणगी असल्या लोकांना चोर म्हणायचा. त्याच्या गॅरेजात वॉशर लावलेली गाडी आली तर आधीच्या मेकॅनिकच्या सात पिढ्या काढायचा.

त्यानं प्लेटा बाहेर काढल्या. पाटीसारख्या गुळगुळीत झालेल्या. मधल्या लोखंडी प्लेटा तापून तापून निळ्या पडलेल्या. ह्या गेल्या वर्षी टाकलेल्या नव्हत्या. गाडी घेतली तेव्हापासूनच्या होत्या. कधी कोणी हातच लावला नव्हता त्यांना.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. पण ह्या वेळी ओरडायला समोर कोणी नव्हतं, आणि ओरडून झालेली वाक्यं आठवत होती. माणसाचं चुकलं. त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, मेलेल्या माणसाबद्दल, त्याच्या मुलीसमोर.

फळीवर त्या मॉडेलच्या नव्या प्लेटा होत्या. त्यानं तसराळ्यात ऑइल ओतून त्या बुडवून ठेवल्या, कारण नव्या प्लेटा कोरड्या बसवल्या की जळतात. जुन्या प्लेटा वायरमध्ये ओवल्या, पीळ मारला, खिळ्याला टांगल्या. त्यांचं काळं ऑइल फरशीवर टपटपत राहिलं. मग धाकट्याला फोन केला. एकच शब्द बोलला, “ये.”

धाकटा आला. वाकून शटरखालून आत शिरला, उघडी गाडी बघितली, बाकड्यावर मांडून ठेवलेले वॉशर बघितले आणि तिथंच थांबला.

“बोल,” ठिणगी म्हणाला.

“दादा, त्या मॉडेलच्या प्लेटा नव्हत्या रे तेव्हा. चष्मेवाले काका घाईत होते, फेरी चुकेल म्हणाले. म्हटलं, चार दिवस काढू, प्लेटा आल्या की टाकू.”

“मग तसं सांगायचं. वॉशर लावलेत, चढ टाळा म्हणून सांगायचं.”

“नव्या टाकल्या म्हटलं की माणूस खूश होतो, प्रश्न विचारत नाही. चार दिवसांनी टाकणारच होतो ना. मग राहून गेलं.”

“राहून गेलं,” ठिणगी म्हणाला. हळू म्हणाला, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “आणि ते गेल्यावर मला काय सांगितलंस? नव्या प्लेटा आहेत, दादा. मी गावासमोर छाती ठोकली तुझ्या शब्दावर. तू बाजूला उभा राहून चहा पीत होतास.”

ठिणगीनं खिळ्याकडं बोट केलं.

“जुने पार्ट मागितले असतील त्यांनी. मागितल्याशिवाय राहणारा माणूस नाही तो. काय दिलंस?”

“भंगारातल्या दिल्या. दुसऱ्या गाडीच्या. ओवून.”

“बघितल्या त्यांनी?”

“चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्यांजवळ नेऊन एकेक बघितली. मग म्हणाले, ह्या माझ्या नव्हेत.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, काका, तुम्ही चष्म्यातलं बघा, गाडीतलं आम्ही बघतो. हसून म्हटलं. ते हसले नाहीत. पेटीत टाकून घेऊन गेले.”

ठिणगी उठला. धाकट्याला वाटलं, आता कानाखाली बसणार. तेच बरं झालं असतं. पण त्यानं तसराळ्यातून प्लेटा उचलल्या, निथळल्या आणि एकेक करून बसवायला घेतल्या. वॉशर एका डब्यात टाकले. नव्या स्प्रिंगा, नवं गॅस्केट, झाकण, ताजं ऑइल. धाकटा पाना पुढं करत राहिला, ठिणगी तो त्याच्या हातातून घेत नव्हता, स्वतः वाकून दुसरा उचलत होता. काम संपायला सव्वाअकरा वाजले.

“बस मागं,” ठिणगी म्हणाला.

“कुठं?”

“चढावर.”

हेही त्याचं नेहमीचंच. क्लचचं काम झालं की मागं एक माणूस बसवून खाणीचा चढ टॉप गिअरमध्ये चढवायचा. ओझं घेऊन चढावर ओढली तर क्लच पास. दिवसा करायचा हे, रात्री नाही. पण पोरगी सहाला त्याच चढावरून जाणार होती. तिला गाडी देण्याआधी ती चढायलाच हवी होती.

“दादा, सकाळी करू. उजाडल्यावर.”

“वर्षभर उजाडतंयच. बस.”

शटर खाली ओढलं, कुलूप लावलं, किल्ली ठिणगीच्या खिशात. दोघं निघाले. गाव मागं पडलं, खाणीच्या ट्रकांचा वजनकाटा गेला, दुकानं संपली. थंडी होती. गाडी लोण्यासारखी चालत होती, गिअरला गिअर बसत होता. ठिणगीचा राग मात्र उतरत नव्हता. गाडी चालवता चालवता तो बोलायला लागला, भावाला ऐकू जावं म्हणून मान वळवून. की मी तुला खांद्यावर बसवून शिकवलं. की बापानं जाताना ह्याला सांभाळ म्हणून तुझा हात माझ्या हातात दिला. की उद्या सहाला ती पोरगी येईल तेव्हा तू बोलायचं, मी नाही. तू सांगायचं तिला, तिच्या डोळ्यात बघून.

धाकट्यानं सीटची पट्टी घट्ट धरली.

चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना खाणीची लाल धूळ बसलेली झुडपं. वर वळणावर एकच दिवा. त्याच दिव्याखाली म्हातारा गेला होता. ठिणगीनं टॉप गिअर ठेवला आणि थ्रॉटल दिलं. गाडीनं दोघांना झकास ओढलं. क्लच पक्का. त्याला क्षणभर बरं वाटलं, काम नीट झालं की वाटतं तसं.

दिव्याच्या थोडं अलीकडं इंजिनचा आवाज चढला.

त्यानं लिव्हरकडं बघितलं. बोटं तिथं नव्हती. मुठीवर होती, घट्ट. लिव्हर मोकळी होती.

आवाज आणखी चढला. इंजिन किंचाळायला लागलं. गाडी हळू झाली… हळू… आणि दिव्याखाली उभी राहिली. पडली नाही. मागं घसरली नाही. चाक फिरत नव्हतं आणि इंजिन फाटेस्तोवर ओरडत होतं.

“उतर,” तो धाकट्याला म्हणाला.

“दादा…”

“उतर म्हणतो ना.”

“उतरता येत नाहीये. दादा… मागं…”

“काय मागं?”

“मागं कोणीतरी… बसतंय.”

आणि गाडी मागून दबली. ठिणगीला ते कळलं. मेकॅनिकला कळतंच. मागं एक माणूस असला की गाडी किती बसते ते त्याच्या कमरेला ठाऊक होतं. आता ती दोन माणसांची बसली. धाकटा पुढं सरकला. ठिणगीच्या पाठीला त्याची छाती येऊन टेकली.

ठिणगीनं चावी बंद केली. इंजिन थांबलं.

सगळं शांत. खाणीत कुठं कुत्रंही भुंकत नव्हतं.

मागं वळायचं होतं त्याला. मान वळेना.

“ह्या माझ्या नव्हेत.”

आवाज धाकट्याचा नव्हता. धाकट्याच्या पलीकडून आला होता. ओरडून नाही. नेहमीच्याच सुरात. चुकीची फ्रेम हातात आली की माणूस म्हणेल तसा.

धाकट्याची दातखीळ बसली होती. काहीतरी थंड, लोखंडी… त्याच्या मांडीवर ठेवलं गेलं होतं. तो नंतर शपथेवर सांगायचा. बघितलं मात्र नाही त्यानं. डोळे मिटून घेतले होते.

“ह्या माझ्या नव्हेत.”

तोच सूर. आणि तरी त्या सुरात राग होता. वर्षभर मुरलेला. ठिणगीनं आयुष्यभर राग ओळखला होता, स्वतःचा आणि दुसऱ्याचा. असा राग त्यानं कधी ऐकला नव्हता. त्याच्यापुढं ह्याचा आरडाओरडा म्हणजे पोरखेळ.

तो बोलला.

“ठाऊक आहे. उघडून बघितलं मी. तुमचं चुकलं नव्हतं. मी बोललो ते चुकलं.”

गाडी तशीच दबलेली राहिली.

मग… “माझ्या द्या.”

आता ऐका. भीतीनं माणसाची बुद्धी चालत नाही, पण सवय चालते. पंचवीस-तीस वर्षं गॅरेजात ज्याला जे सांगत आला तेच त्याच्या तोंडून निघालं.

“खिळ्याला टांगल्यात,” ठिणगी म्हणाला.

गाडी मागून वर उचलली गेली. एका माणसाचं ओझं उतरल्यासारखी. धाकट्याच्या मांडीवरचं लोखंडही गेलं.

त्यानं चावी फिरवली, किक मारली, गिअर टाकला. गाडीनं असा हिसका दिला की दोघं पडता पडता वाचले. चढ संपेपर्यंत ती कुठं अडली नाही. वरून दुसऱ्या रस्त्यानं ते गावात आले. लांबचा रस्ता, पण त्या दिव्याखालून परत जायची छाती कोणात होती?

गॅरेजसमोर आले तर शटर खाली, कुलूप जसंच्या तसं. ठिणगीनं किल्ली काढली आणि पुन्हा खिशात ठेवली. उघडायचा धीर झाला नाही. दोघं भाऊ पायरीवर बसले, उजाडेपर्यंत. धाकट्याच्या पॅन्टवर, मांडीवर लाल धूळ होती. तो ती झटकत नव्हता, हातही लावत नव्हता. एकदा तो म्हणाला, “दादा, मी सांगेन तिला.” ठिणगीनं मान डोलावली.

सहाला मुलगी आली, चष्म्यांची पेटी खांद्याला लावून. धाकटा उठून उभा राहिला. पहिल्यांदाच त्याच्या तोंडात साखर नव्हती. वॉशर, जुन्या प्लेटा, भंगारातली माळ, खोटं बोलणं, सगळं सांगितलं त्यानं. काही राखून ठेवलं नाही. तिनं पेटी खाली ठेवली.

त्याचं सांगून झालं. मग ती ठिणगीकडं वळली.

“तुम्ही टपरीवर बोलला होतात, काका. माझ्या बापाला झेपत नव्हती गाडी, असं. वर्षभर मला लोक सांगतात, जपून चालव, बापासारखी करू नकोस.”

“हो.”

“मग तिथंच बोला. आज. सगळे बसलेले असताना. तेवढ्याच मोठ्यानं.”

“बोलतो.”

“आणि तुमची माफी नकोय मला,” ती धाकट्याला म्हणाली. “मला त्यांच्या प्लेटा द्या. घरी ठेवायच्यात. जो कोणी म्हणेल बापाचं चुकलं, त्याच्यासमोर ठेवीन.”

ठिणगीनं कुलूप काढलं. शटर वर गेलं. सकाळचा उजेड आत पडला, खिळ्यापर्यंत गेला.

खिळ्याला माळ होती. ठिणगीनं हात वर केला आणि तसाच राहिला.

प्लेटा लहान होत्या. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीच्या. गंज चढलेल्या, लाल धुळीत लडबडलेल्या, चार वेळा पुसल्या तरी धूळच निघेल अशा. आणि वायरचा पीळ उलटा होता. डावखुऱ्या माणसानं मारलेला.

धाकटा दोन पावलं मागं सरला.

मुलगी पुढं आली. तिनं माळ खिळ्यावरून काढली, उलटसुलट केली. “ह्या तर…” ती म्हणाली. “ह्या बाबांच्या पेटीत होत्या. गेले त्या दिवशी सकाळी मला दाखवल्या होत्या. म्हणाले, ठिणगी परत आलाय, येताना त्याला दाखवतो, त्याला कळेल. नंतर पेटी मिळाली. फ्रेमासुद्धा मिळाल्या. ह्याच मिळाल्या नाहीत. आम्ही सगळी झुडपं शोधली होती. तुमच्याकडं कशा आल्या?”

ठिणगीनं वर केलेला हात खाली घेतला.

ठिणगी तिला घेऊन टपरीवर गेला आणि बोलला. जितक्या मोठ्यानं तेव्हा बोलला होता तितक्याच मोठ्यानं, धाकट्याला शेजारी उभं करून. चहा थंड झाले लोकांचे. मग मुलगी गाडीवर बसली, खाणीचा चढ चढली आणि पलीकडच्या गावात चष्मे वाटून आली. गाडी एकदाही अडली नाही. आजही तीच चालवते.

खऱ्या प्लेटा, ठिणगीनं स्वतःच्या हातानं काढलेल्या, निळ्या पडलेल्या, त्या मात्र गेल्या. गॅरेज पालथं घातलं, भंगाराचा ढीग उपसला, कुठं मिळाल्या नाहीत. आणि त्या रात्री तिथं टांगलेल्या होत्या ह्यात शंका नाही. कारण खिळ्याखाली फरशीवर काळ्या ऑइलचा डाग होता, ओला, बोट लावलं तर बोटाला येईल असा.

वर टांगलेली माळ मात्र कोरडी ठणठणीत होती.